फादर रेमीच्या हातातली मेणबत्ती

निघण्याआधी

बहारीनला जाऊन आले असं सांगितलं की आमच्या गावात दोनच प्रश्न येतात. सोनं काय आणलं, आणि ऊन किती होतं? सोनं आणलं नाही. उन्हाचं म्हणाल तर जानेवारीत गेले होते, संध्याकाळी चक्क शाल लागायची. एवढं ऐकलं की विचारणाऱ्याचा रस संपतो. मी ज्यासाठी गेले होते ते कुणी विचारत नाही, म्हणून लिहायला बसले आहे. सगळी नोकरी शाळेत मराठी शिकवण्यात गेली, दुसऱ्यांकडून निबंध लिहून घेतले. आता माझी पाळी.

आमचं घर वसईत, आगाशीच्या बाजूला. आम्ही ख्रिस्ती, केळी आणि पानवेलीच्या वाड्या करणारे. माझ्या वडिलांचे धाकटे भाऊ रेमी. ते पाद्री झाले आणि दूरच्या एका देशात मिशनवर गेले. तिथे सत्ता पालटली. नवे राज्यकर्ते चर्चच्या हात धुऊन मागे लागले, शाळा बंद पाडल्या, घरात प्रार्थना म्हणणाऱ्यांनाही उचलून नेऊ लागले. बाहेरून आलेले बाकीचे पाद्री देश सोडून गेले. काका राहिले आणि मारले गेले. मी तेव्हा कॉलेजात होते. घरी तार आली, देह आलाच नाही. त्या देशाचं नाव मी इथे लिहिणार नाही. ज्या बाईंनी मला सगळं सांगितलं त्यांनी तशी गळ घातली आहे, कारण त्यांची माणसं अजून तिथे आहेत.

गावात फादर रेमी म्हणजे हुतात्मा. चर्चमध्ये त्यांचं मोठं चित्र आहे. नजर आभाळाकडे, हातात क्रूस, चेहऱ्यावर भीतीचा लवलेश नाही. दरवर्षी त्यांच्या नावाने मिस्सा, म्हणजे चर्चमधली मोठी उपासना, होतो आणि कुणीतरी उभं राहून सांगतं की फादर हसतमुखाने मरणाला सामोरे गेले. मीही कितीदा सांगितलंय, आणि चांगलं सांगितलंय. बायका डोळे पुसायच्या. डोळे न पुसणारी एकच, ती म्हणजे सिलूआत्या, काकांची पाठची बहीण.

"काय हसतमुखाने!" ती म्हणायची. (आत्या आमची घरची बोली बोलते. ती लिहिली तर वसईबाहेर कुणाला कळणार नाही, म्हणून मी शाळेतल्या मराठीत लिहिते. तिला हे समजलं तर माझी खैर नाही.) "रेमू विहिरीत वाकून बघत नसे. अंधारात मागच्या दारी जायचं झालं तर मला उठवायचा. तुम्ही सांगता तो कुणी दुसरा असेल."

वय झालंय, असं म्हणून आम्ही सोडून द्यायचो.

आता आमच्याकडची एक रीत सांगायला हवी, नाहीतर पुढचं समजणार नाही. फेब्रुवारीच्या सुरुवातीला मेणबत्त्यांचा सण येतो. त्या दिवशी चर्चमध्ये आशीर्वाद दिलेली एक मेणबत्ती प्रत्येक घर कपाटात जपून ठेवतं. घरातलं माणूस जायला लागलं की ती पेटवून त्याच्या हातात देतात. मूठ धरवत नाही, म्हणून आपला हात वरून ठेवतात, आणि कानाशी तीन नावं म्हणतात, जेजू, मरी, जुजे. हल्ली चर्चमध्ये येशू, मरिया, योसेफ म्हणतात, पण आमच्या म्हाताऱ्यांच्या तोंडी जेजूच. माणूस आयुष्यभर कितीही भांडलेला असो, एवढं करायला कुणीतरी धावत येतंच. मेणबत्ती न मिळता गेला, असं आमच्यात वैऱ्याबद्दलही बोलवत नाही.

गेल्या वर्षी आत्या फार आजारी पडली. डॉक्टरांनी मान हलवली. मी कपाटातून मेणबत्ती काढली, माझ्या भावजयीने काडी ओढली. आत्याने डोळे उघडले, ज्योतीकडे बघितलं आणि स्वच्छ आवाजात म्हणाली, "विझव ती. रेमूच्या हातात कुणी दिली, ते आधी सांगा. त्याला मिळाली नसेल तर मलाही नको."

त्या आजारातून ती उठली, पण बोललेलं काही मागे घेतलं नाही. आमच्या चर्चचे फादर येऊन समजावून गेले, तिने त्यांना चहा दिला आणि विषय बदलला. मला रात्री झोप लागेना. म्हातारी हट्टाने रिकाम्या हाताने जाणार, आणि त्या वेळी उशाशी मीच असणार. तिने वाढवलेलं पोर मी. माझी आई लवकर गेली.

सुकेळी

अशात लीनाचा फोन आला. लीना माझी मुलगी, बहारीनमध्ये एका ऑफिसात हिशेब बघते. मी तिला सुकेळी पाठवली होती. सुकेळी म्हणजे आमच्या राजेळी केळ्यांची सुकवलेली केळी. पिकलेली केळी सोलून उन्हात घालायची, रोज परतायची, दव पडायच्या आत झाकायची. अंगचा मध सुटून ती तांबूस झाली की केळीच्याच वाळल्या पानात गुंडाळून सोपटाने, म्हणजे केळीच्या वाळक्या सालीने, बांधायची. माझ्या लहानपणी प्रत्येक खळ्यात सुकेळी वाळत घालायच्या उंच मांडवी असायच्या आणि सगळ्या गावाला तो गोड आंबूस वास यायचा. काका सुट्टीवर आले की मांडवीची राखण आमच्याकडे, आणि राखणदारच जास्त खायचे. आता वाड्यांच्या जागी इमारती झाल्या. राजेळीची केळ करणारी दोन-चार घरं राहिली आहेत.

तर लीनाने ती सुकेळी चर्चच्या मेळाव्यात फराळाला ठेवली. एक वयस्कर परदेशी बाई आली, एक उचलली, हुंगली आणि विचारलं, हे कुणी केलं? माझ्या आईने, लीना म्हणाली, आमच्या वसईला करतात. बाई म्हणाली, "आमच्या फादरनी आम्हाला हे करायला शिकवलं होतं. फादर रेमी."

लीनाने हे सांगितलं तेव्हा मी स्वयंपाकघरात होते. खाली बसले ती बराच वेळ उठले नाही.

आत्याला सांगितलं. तिने जपमाळ बाजूला ठेवली. "मग जा," म्हणाली. "मला चित्र नको, फूल नको, माती नको. मेणबत्तीचं तेवढं विचार. आणि खोटं सांगायचं झालं तर येऊच नकोस."

ईसा टाउन

विमानाचं काय सांगायचं, विमानासारखं विमान. घोटाळा झाला तो उतरल्यावर. सामान तपासणाऱ्या मुलीने माझ्या बॅगेतून सुकेळीच्या जुड्या बाहेर काढल्या. वाळल्या पानांत गुंडाळलेल्या, दोरीने बांधलेल्या, काळपट कांड्या. तिने त्या हुंगून पाहिल्या, मग माझ्याकडे पाहिलं. मी "बनाना, बनाना" म्हणत होते आणि तिला त्यात बनाना कुठेच दिसत नव्हतं. शेवटी मी एक जुडी सोडली आणि तिच्यासमोर उभ्या उभ्या खाऊन दाखवली. तिला हसू आवरेना. "खलास, यल्ला," म्हणजे झालं, चला, असं ती म्हणाली आणि बॅग माझ्याकडे सरकवली.

लीनाचं घर ईसा टाउनमध्ये. सकाळी शाळेच्या बसेसची रांग लागते, दर दुसऱ्या दारातून पाठीवर दप्तर घेतलेली आपली पोरं निघतात. माझी नात रिया त्यातलीच. तिला मराठी सगळं समजतं, पण उत्तर इंग्रजीत येतं. मी मासळी साफ करताना पुटपुटत होते, तर म्हणते, "आजी, व्हाय आर यू टॉकिंग टू द फिश?" म्हटलं, बाई, तुझ्यापेक्षा हा मासा बरा, उलट इंग्रजीत बोलत नाही. ती खो खो हसली, म्हणजे समजलं होतं.

मासळी मात्र झकास. पापलेटाला तिथे झुबेदी म्हणतात. कोपऱ्यावरच्या भट्टीत खुब्ज भाजतात, आपल्या भाकरीएवढी मोठी, फुगलेली. लोक ती गरमागरम रद्दीत गुंडाळून नेतात आणि घरी पोचेपर्यंत अर्धी खातात. मीही खाल्ली. जावई ग्रेगरी सित्राला कामाला, तेलाच्या कारखान्यांच्या भागात. त्याची शिफ्ट सुटली की कंपनीच्या बसने येतो आणि येताना खुब्ज आणतो. त्याच्या हातातली नेहमी अख्खी असायची. तो शिस्तीचा आहे.

संध्याकाळी मी गच्चीत बसायची. कडेला खजुराची झाडं, खाली मुलांचा कालवा, मग एकदम अजान सुरू व्हायची. आमच्याकडे त्याच वेळी चर्चची घंटा होते आणि घरातलं माणूस हातातलं काम थांबवतं. मला लहानपणचं खळं आठवायचं. घंटा झाली की काका खेळता खेळता जागच्या जागी उभे राहायचे, आणि आम्ही पोरं त्या संधीचा फायदा घेऊन त्यांना आऊट करायचो. प्रार्थना संपली की ते भांडायचे, हा आऊट धरायचा नाही म्हणून. पाद्री असून भांडायचे! ग्रेगरीने सांगितलं की या बेटावर पूर्वी गोड्या पाण्याचे झरे होते, त्यांच्यावर खजुराच्या बागा होत्या, आता बरेचसे आटले. आमच्या विहिरींचंही तेच झालं, पाणी खारं झालं. जिथे जावं तिथे म्हातारी माणसं पाण्याचीच आठवण काढत बसलेली असतात.

शुक्रवारचा रविवार

तिथे सुट्टी शुक्रवारी, म्हणून चर्चमधली मोठी गर्दीही शुक्रवारी. लोक खुशाल शुक्रवारी रविवार साजरा करतात. पहिल्यांदा मला चोरी केल्यासारखं वाटलं. आवारात पाय ठेवायला जागा नव्हती. एक मिस्सा सुटत होता, दुसरा भरत होता, कोकणी, मल्याळम, इंग्रजी, फिलिपिनो बायकांची गाणी. सगळ्या पोशाखांतली माणसं आणि सगळ्यांच्या हातात डबे.

लीनाने मला मार्थाबाईंसमोर उभं केलं. उंच, काळ्यासावळ्या, डोक्याला रंगीत रुमाल, वयाने माझ्याहून थोड्या मोठ्या. त्या देशात त्या मिशनच्या दवाखान्यात नर्स होत्या. आता त्यांची मुलगी बहारीनमध्ये शिवणकाम करते, तिच्याकडे राहतात. त्या इंग्रजी बोलत, मध्येच आखातातली मोडकी हिंदी. मी त्यांचं बोलणं मराठीतच लिहिते आहे.

मी तयारीने गेले होते. पर्समधून फादर रेमींचं छापील चित्र काढलं आणि त्यांच्या हातावर ठेवलं. त्यांनी ते लांब धरून पाहिलं, जवळ धरून पाहिलं.

"हे कोण?"

"फादर रेमी. माझे काका."

"चित्र चांगलं आहे," त्या म्हणाल्या. "पण या माणसाला मी ओळखत नाही. आमचे फादर घाबरट होते."

भर आवारात, चार माणसांत! माझा पारा चढला. मी अगदी वर्गातल्या आवाजात म्हणाले, "बाई, ते हुतात्मा आहेत. आमचं अख्खं गाव त्यांना मानतं. त्यांच्याबद्दल असं बोलणं तुम्हाला शोभत नाही."

मार्थाबाई रागावल्या नाहीत. त्यांनी चित्र परत माझ्या हातात दिलं, रुमालाची गाठ घट्ट केली. "तुम्हाला जे हवं आहे ते तुमच्याजवळ आहेच," म्हणाल्या, आणि गर्दीत निघून गेल्या.

लीनाने कपाळाला हात लावला. "आई, तू त्यांना वर्गाबाहेर उभं केलंस. एवढ्या लांब येऊन!"

घरी येईपर्यंत मी गाडीत तोंड फुगवून बसले. जेवणात लक्ष लागेना. ताटावरून उठता उठता एकदम लख्ख दिसलं. घाबरट. फादर रेमींना घाबरट म्हणणारी आत्तापर्यंत मला एकच व्यक्ती भेटली होती, आणि ती त्यांच्यासोबत एका घरात वाढली होती. आता ही दुसरी. मी ज्या काकांचं भाषण करायची, ते मला चित्रातून माहीत होते. या दोघींनी त्यांना जवळून पाहिलं होतं. माझी मलाच लाज वाटली आणि त्याहून जास्त धास्ती वाटली, की आता बाई भेटल्याच नाहीत तर आत्याला काय तोंड दाखवू?

अदलिया

लीनाने फोन करून माझ्या वतीने माफी मागितली. दोन-तीन दिवस काही उत्तर आलं नाही. मग निरोप आला की आईला जेवायला पाठव.

लीनाला रजा नव्हती, ग्रेगरी शिफ्टवर. मला न्यायला आले कांबळे. ते ग्रेगरीच्या कारखान्यात टेक्निशियन, मूळचे परभणीकडचे. त्यांच्या गाडीत समोरच बुद्धाची छोटी मूर्ती. "मावशी, एसी कमी करू का?" असं त्यांनी इतक्यांदा विचारलं की शेवटी मी करा म्हटलं. वाटेत त्यांनी विचारलं, कुणाकडे चाललात? मी सगळं सांगितलं. का सांगितलं कोण जाणे, परक्या मुलखात आपली भाषा ऐकली की माणूस सैल होतं.

कांबळेंनी सिग्नलला गाडी थांबवली. मग म्हणाले, "आमच्यात पण वंदनेला मेणबत्ती लागतेच मावशी. वारं असलं की माझी आजी दोन्ही हातांचा असा आडोसा करून बसायची, वंदना होईस्तोवर. चटके बसले तरी हात काढायची नाही." सिग्नल सुटला. "तुम्ही बोला निवांत. मी थांबतो. कितीही वेळ लागू द्या, घाई मफी, अजिबात नाही."

अदलिया नावाच्या त्या भागात बैठे बंगले, बोगनवेली, कॉफीच्या दुकानांतून बाहेर मांडलेल्या खुर्च्या. अशाच एका बंगल्याच्या मागच्या बाजूला दोन खोल्यांत मायलेकी राहत. दार मार्थाबाईंनीच उघडलं. मी सुकेळीची जुडी पुढे केली आणि वाटेत घोकून ठेवलेलं वाक्य म्हणाले, "माझी आत्या म्हणते, ते लहानपणी विहिरीत वाकून बघत नसत."

त्यांचा चेहरा उजळला. "होडीत बसले की डोळे मिटून घ्यायचे," त्या म्हणाल्या. "नदी पार होईपर्यंत. होडीवाला मुद्दाम होडी हलवायचा. या, आत या."

मक्याच्या पिठाचा घट्ट गोळा आणि शेंगदाण्याच्या कुटात शिजवलेला पाला, एकाच मोठ्या ताटात. मार्थाबाई, त्यांची मुलगी आणि मी, तिघींनी त्यातच खायचं. आमच्याकडे एका ताटात जेवायचं ते फक्त नवरानवरीने, तेही एक दिवस, हौसेला. मी सुरुवातीला बिचकले, मग गोळ्याला खळगा करून पाला उचलायचं जमलं. नाचणीच्या उकडीची आठवण झाली. मार्थाबाईंनी जुडीची सोपटाची दोरी सोडली, ती बोटाला गुंडाळून ठेवली आणि जेवणानंतर सुकेळी पुरवून पुरवून खाल्ली. मिशनच्या मागे केळी होत्या. काकांनी पहिल्या वर्षी सगळी केळी सुकवायला घातली आणि माकडांनी पळवली. दुसऱ्या वर्षी जमलं. पुढे वाईट दिवसांत, गावात बाजार भरेनासा झाला तेव्हा, पोरांच्या पोटाला तीच मिळाली.

मग त्या आपणहून बोलू लागल्या.

"बाकीचे पाद्री आणि सिस्टर निघाल्या तेव्हा ट्रक आला होता. फादर पुढे ड्रायव्हरजवळ बसले. खरंच बसले. त्यांचे हात इतके थरथरत होते की दार लावता येईना, मी बाहेरून लावलं. ट्रक थोडा पुढे गेला आणि थांबला. फादर उतरून आले. म्हणाले, चष्मा विसरलो." मार्थाबाई हसल्या. "चष्मा नाकावर होता. सगळ्यांना दिसत होता. ड्रायव्हरने वाट पाहिली, हॉर्न वाजवला, मग गेला."

"का उतरले?"

"गावात एक म्हातारी शेवटच्या घटका मोजत होती. ते व्हरांड्यात बसले, रडले. मला म्हणाले, मार्था, मला फार भीती वाटते आहे. पण तिच्या हातात मेणबत्ती कोण देणार?"

मेणबत्तीचा शब्द मी अजून काढलाही नव्हता.

ही रीत त्यांच्याकडे नव्हती. ती काकांनी नेली. गावात कुणीही मरणाला टेकलं की ते पायी जायचे, मेणबत्ती धरवायचे, कानाशी बोलायचे. मार्थाबाई बरोबर असायच्या, कारण वाऱ्यावर काकांना काडी पेटवता येत नसे. काडेपेटी कायम मार्थाबाईंच्या खिशात. म्हातारी दोन दिवसांनी गेली. मिशनमध्ये शिल्लक राहिलेली शेवटची मेणबत्ती तिच्या हातात संपली.

"त्यानंतर ते लोक आले," मार्थाबाई म्हणाल्या. "आम्ही केळीत लपलो होतो. त्यांनी फादरना दवाखान्याच्या मागे नेलं. ते चालत गेले, पण पाय लटपटत होते. हसत नव्हते. तुमच्या गावाला सांगा, हसत नव्हते. बंदुका वाजल्या. गाडी गेली. मी धावले. ते अजून होते. बोलता येत नव्हतं. उजवा हात जमिनीवर होता, आणि मूठ उघडायची, मिटायची, उघडायची, मिटायची. मला माहीत होतं तो हात काय मागतो आहे. कितीतरी माणसांना त्यांनी ते दिलं होतं. माझ्याकडे काडेपेटी होती. मेणबत्ती नव्हती."

मुलीने शिलाईयंत्रावरचा हात काढून घेतला.

"मग मी बोट दिलं," मार्थाबाई म्हणाल्या. "हे. मुठीत उभं धरलं. वरून माझा दुसरा हात ठेवला, ते ठेवायचे तसा. त्यांनी घट्ट धरलं. आणि कानात म्हटलं."

त्यांनी खुर्ची माझ्याकडे ओढली. माझा उजवा हात घेतला, मूठ वळवली, त्यात आपलं पहिलं बोट उभं ठेवलं, वरून दुसरा हात झाकला, आणि माझ्या कानाशी वाकून म्हणाल्या, "जेजू, मरी, जुजे."

त्या देशातल्या बाईच्या तोंडून, अदलियाच्या मागच्या खोलीत, अगदी आमच्या आजीच्या उच्चारात. बाकी सगळ्या प्रार्थना काका त्यांच्या भाषेत म्हणायचे, एवढं मात्र घरचंच. मी रडले. लहान पोरीसारखी, आवाज काढून रडले. पर्समधलं ते चित्र मला एकदम फार लांबचं वाटलं आणि विहिरीला घाबरणारे, आऊट झाल्यावर भांडणारे माझे काका इतके जवळ आले की सहन होईना. एवढे घाबरत होते आणि तरी उतरले.

"त्यांनी बोट कधी सोडलं?" मी विचारलं.

"नाही सोडलं," मार्थाबाई म्हणाल्या. "मला सोडवून घ्यावं लागलं."

मी बाहेर आले तेव्हा कांबळे गाडीत पाठ टेकून बसले होते. त्यांनी माझा चेहरा बघितला. या वेळी एसी न विचारता कमी केला.

घरी

आत्या ओटीवर वाट बघत होती. मी हातपाय धुतले, चहा घेतला. चहा संपेपर्यंत तिने दम धरला, तिच्या मानाने फारच.

"मेणबत्ती?"

"नव्हती," मी म्हणाले. "शेवटची काकांनी एका म्हातारीला दिली. तिच्यासाठीच ट्रकमधून उतरले."

आत्याचा चेहरा दगडासारखा झाला. मी थांबले नाही. ट्रक सांगितला, चष्मा सांगितला. चष्म्याला तिच्या तोंडाचा कोपरा हलला. "त्याला खोटं कधी जमलंच नाही," ती पुटपुटली. केळीची बाग सांगितली. मूठ सांगितली. मग तोंडाने सांगता येईना, म्हणून तिचा हात घेतला. सुरकुतलेला, हलका हात. त्यात माझं बोट उभं ठेवलं, वरून दुसरा हात ठेवला आणि कानाशी तीन नावं म्हटली.

आत्याने बोट धरलं. बराच वेळ धरलं. वाडीत कुणीतरी पंप सुरू केला, बंद केला. रस्त्याने दूधवाला गेला.

"काडेपेटी होती त्या बाईजवळ?" तिने विचारलं.

"होती."

"चांगली बाई," आत्या म्हणाली. तिच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि ते पुसायला तिने माझं बोट सोडलं नाही. "घाबरत होता ना?"

"खूप."

"मग तो आमचाच रेमू."

संध्याकाळची घंटा झाली. आम्ही दोघी तशाच बसून प्रार्थना म्हणालो. मग आत्याने हात सोडवला, पदराने नाक पुसलं आणि नेहमीच्या खणखणीत आवाजात म्हणाली, "कपाटातली मेणबत्ती आण."

मी आणली. मागच्या वेळी विझवली होती, तशीच होती. वात काळी झालेली, मेण पिवळं पडलेलं, एका बाजूला थोडी वाकलेली. आत्याने ती हातात घेतली, अंगठ्याने वातीवरची काजळी झाडली, वाकलेली बाजू दाबून सरळ करून पाहिली. होईना. मग ती माझ्याकडे परत दिली.

"कपाटात नको ठेवू," म्हणाली. "इथे उशाशी ठेव. काडेपेटीसुद्धा. ऐन वेळी शोधाशोध नको."